अर्धा सूर खाली

लामोत बहिणींच्या घरात एक नियम होता. गाताना एकीचा सूर घसरला, की बाकीच्या दोघींनीही तिच्याबरोबर घसरायचं. एकटी घसरली तर ती बेसूर. तिघी सारख्याच घसरल्या, तर ऐकणाऱ्याला वाटतं की हा गाण्यातलाच एक डाव आहे, आणि तो उलट टाळ्या देतो. नियम साधा होता, आणि चौदा वर्षं तो एकदाही मोडला नव्हता.

तो केला होता ओदीलने. ओदील थोरली. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, मधली क्लेमांस बारा वर्षांची आणि धाकटी इर्मा जेमतेम पाच. वडील, म्हणजे पापा लामोत, गिलाव्याचे कारागीर. न्यू ऑर्लिन्समधल्या मोठमोठ्या घरांच्या छतांवर त्यांच्या हातची फुलंपानं आहेत, पण घरात पोरींच्या वेण्या कोण घालणार, हे त्यांना कधी सुचलं नाही. ते सगळं ओदीलवर पडलं. इर्माच्या बाप्तिस्म्याला तिची धर्ममाता म्हणून ओदीलच उभी राहिली होती, म्हणून इर्मा तिला नेनेन म्हणायची. तिचं ऐकून क्लेमही म्हणायला लागली, आणि पुढे आमचा अख्खा सातवा वॉर्डच.

नेनेन घरी शिवण घ्यायची. चर्चमध्ये पहिला प्रसाद घेणाऱ्या मुलींचे पांढरे झगे ही तिची खासियत. तिघी टेबलाभोवती बसून काठ दुमडायच्या. हात अडकलेले, तोंडं मोकळी, म्हणून गायच्या. नेनेनने खालचा आवाज स्वतःकडे घेतला, वरचा इर्माला दिला, आणि मधला क्लेमला. तिघींचे सूर वेगळे, पण इतके एकमेकांना चिकटून चालायचे की दारावरून जाणाऱ्या माणसाला आत किती जणी आहेत ते कळत नसे.

पहिल्यांदा लोकांसमोर उभ्या राहिल्या त्या चर्चच्या जत्रेत. इर्मा सहा वर्षांची होती. समोरची गर्दी बघून तिचा सूर पडायला लागला. नेनेनने क्लेमला कोपराने ढोसलं आणि दोघी पोरीबरोबर खाली उतरल्या. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, इर्माला काही झालंय हेसुद्धा कळलं नाही. घरी येताना नेनेन क्लेमला म्हणाली, "लोकांसमोर आपल्यातल्या कुणाला एकटं सोडायचं नाही. लक्षात ठेव." क्लेमने लक्षात ठेवलं.

इर्मा मोठी झाली, पियानो शिकली. मग इर्मा पियानोवर आणि या दोघी तिच्या दोन्ही खांद्यांशी वाकलेल्या, तिघींची डोकी एकमेकींना टेकलेली, अशा त्या आमच्याकडच्या मंडळांच्या नाचांना गायला लागल्या. नवा जाझचा ठेका, त्यावर या तीन आवाजांची घट्ट वीण. लोक खुळावले. त्यातही एक गाणं होतं, तांदळाची गोड भजी विकणाऱ्या बाईवर नेनेननेच बांधलेलं. त्याच्या मध्यावर पियानो एकदम थांबायचा. अर्धं मिनिट नुसते तीन आवाज, खाली काही आधार नाही. मग पियानो परत यायचा.

गेली दोन वर्षं त्या अर्ध्या मिनिटात नेनेनचा सूर उतरायला लागला होता. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. आईचे कान तिशीत गेले होते. नेनेन चौतिशीला आली होती आणि बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायला लागली होती. पियानो वाजत असेपर्यंत तिला पाठीच्या कण्यातून तो कळायचा. तो थांबला की ती हळूहळू खाली यायची, अर्धा सूर, जास्त नाही. क्लेमला ते सगळ्यात आधी कळायचं, कारण ती मधली. ती नेनेनबरोबर उतरायची, तिच्या मागे इर्मा, आणि पोरीची बोटं अशी हुशार की पियानो परत यायचा तो बरोब्बर अर्ध्या सुराने खालच्या पट्टीत. सभागृहात शिट्ट्या पडायच्या. लोक त्याला 'लामोतांचा उतार' म्हणायला लागले. दोन-तीन वादकांनी तो चोरायचाही प्रयत्न केला. थोरल्या बहिणीचे कान चाललेत ही गोष्ट आम्ही नाचून साजरी करत होतो, आता काय बोलायचं?

नेनेनला हे माहीत होतं. "आज कितीशी उतरले गं?" असं ती घरी आल्यावर बूट काढता काढता विचारायची.

"अर्धाच," क्लेम म्हणायची.

"मग ठीक आहे. पुरा उतरले की सांगा, घरी बसेन."

सगळं असंच चाललं असतं. पण क्लेमच्या मनात एक काटा होता, आणि तो तिने कुणाला दाखवला नव्हता. मधला आवाज म्हणजे सोमवारच्या राजम्यातलं मीठ. असतं तेव्हा कुणी त्याचं नाव काढत नाही. लोक भेटायला यायचे ते नेनेनच्या उंचीचं आणि रुबाबाचं कौतुक करायचे, इर्माच्या बोटांचं करायचे, आणि मग क्लेमकडे वळून, "आणि तूही छान," असं म्हणून कॉफीचा कप उचलायचे. 'तूही'. सत्तावीस वर्षांच्या बाईला त्या एका शब्दाचा किती राग येऊ शकतो, हे ज्याला भाऊबहिणी नाहीत त्याला कळणार नाही.

१९२८च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या एका कंपनीचा माणूस रेकॉर्डिंगचं सगळं सामान घेऊन आमच्या शहरात आला. हॅस्केल त्याचं नाव. एका दुकानाच्या वरची खोली त्याने आठवडाभर घेतली होती. रविवारी मंडळाच्या नाचाला येऊन त्याने बहिणींचं गाणं ऐकलं, नेनेनशी दोन शब्द बोलला, आणि मंगळवारी चाचणीला या म्हणाला.

मंगळवारी तिघी मागच्या जिन्याने वर गेल्या. पुढचा जिना गोऱ्यांचा, आमच्यासाठी नसायचा. खोलीच्या भिंतींवर ब्लँकेटं टांगलेली, खिडक्या बंद, आत भट्टीसारखा उकाडा. गाणं कोरायच्या मेणाच्या जाड तबकड्या एका पेटीत ऊब देऊन ठेवलेल्या. मधोमध माइक. हॅस्केलने अंगातला कोट काढून ठेवला होता. हातात कागद, कानावर पेन्सिल.

"आज मेण वाया घालवायचं नाही," तो म्हणाला. "आज नुसतं गा. मी पडद्यामागून ऐकतो. जमलं तर शुक्रवारी दहा वाजता रेकॉर्ड." मग पेन्सिलीने एकेकीकडे बोट केल्यासारखं करत तो कागदावर लिहायला लागला. "पियानोवाली. हं. उंच बाई. हं. आणि..." पेन्सिल क्लेमवर येऊन थांबली. तो जरा विचारात पडला, काही न लिहिता पेन्सिल परत कानावर ठेवली आणि पडद्यामागे गेला.

एवढंच झालं. कुणी तिला वाईट बोललं नाही, कुणी हसलं नाही.

गाणं सुरू झालं. छान चाललं होतं. इर्माने हात उचलले, पियानो थांबला, आणि तीन आवाज उरले. अर्ध्यावर आल्यावर नेनेनचा सूर निसटायला लागला. क्लेमला तो कळला. रोज कळायचा तसाच. तिचा गळा सवयीने खाली वाकायलाही लागला होता. आणि तेवढ्यात तिने त्याला धरलं. ती वर राहिली.

तिने पट्टी सोडली नाही. खऱ्या सुरावर ती इतकी ठाम उभी राहिली की इर्मा, जिचा कान कायम क्लेमच्या आवाजाला लटकलेला, तीही वरच राहिली. नेनेन एकटी खाली गेली. मग पियानो आला, मूळ पट्टीत, स्वच्छ, आणि नेनेन त्या माइकसमोर अर्ध्या सुराने खाली उभी होती. नाटक चालू असताना एखाद्याची विजार सुटावी, तसं ते सगळ्यांना ऐकू आलं. नेनेनने मान वळवून क्लेमकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वाट चुकलेलं माणूस रस्ता विचारताना बघतं तशी ती बघत होती. क्लेमने समोरच्या ब्लँकेटकडे पाहिलं आणि गाणं पुरं केलं.

हॅस्केल बाहेर आला. "उंच बाईचा सूर पडतो," तो म्हणाला. लाकूड कुजलंय असं सुताराने सांगावं तसं त्याने ते सांगितलं, मनात काही न ठेवता. "तुम्ही दोघी चांगल्या आहात. तू तर," आता तो क्लेमकडे बघत होता, "तू तर खिळा ठोकल्यासारखी आहेस. कान आहे तुला. शुक्रवारी खालच्या आवाजाला दुसरी कुणी आणा, रेकॉर्ड करू."

"हो," नेनेन म्हणाली. "बरोबर आहे तुमचं."

क्लेमला जे हवं होतं ते मिळालं होतं. कागदावर तिचं नावही लिहिलं गेलं. जिना उतरताना मात्र तिला असं वाटत होतं की आपण चर्चच्या दानपेटीत हात घातलाय आणि कुणी तरी ते पाहिलंय.

घरी येताना नेनेन पुढे चालत होती. इर्मा क्लेमचा दंड धरून मागे राहिली.

"तू खाली का नाही आलीस?"

"कधी?"

"क्लेम, वेड पांघरू नकोस. नेनेन उतरली तेव्हा."

क्लेमच्या तोंडून निघून गेलं, "मला ऐकूच आलं नाही."

इर्मा जागच्या जागी थांबली. "ऐकू नाही आलं?"

"त्या ब्लँकेटांमुळे असेल. नाही आलं, इर्मा. चल आता."

इर्मा एकदम इतकी गप्प झाली की क्लेमला हायसं वाटलं. चला, सुटले, असं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी नेनेन स्वतःच चर्चमध्ये गेली आणि तिथल्या गायनवृंदातली नोएली नावाची मुलगी घेऊन आली. एकोणीस वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, भित्री. तिला टेबलाशी बसवून नेनेन आपला खालचा आवाज ओळीओळीने शिकवायला लागली. "इथे श्वास घे. इथे नको, इथे क्लेम घेते. तू घेतलास तर भोक पडेल." आपली जागा झाडून पुसून दुसऱ्याच्या हवाली करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती कुरकुरतात, टोमणे मारतात, निदान सुस्कारा तरी टाकतात. नेनेन काही करत नव्हती. नोएलीला जमलं की तिला खरोखर आनंद व्हायचा.

आपण सरळ सांगून टाकावं असं क्लेमला दिवसातून दहा वेळा वाटायचं, आणि दहा वेळा ती स्वतःला समजवायची की सांगून काय होणार आहे, सूर तर नेनेनचाच पडला. हे खरंच होतं, आणि म्हणूनच ते तिला पुरत नव्हतं.

त्यात नेनेनचं वागणं विचित्र व्हायला लागलं. क्लेम चुलीशी कॉफी गाळत असताना पाठीमागून, अगदी हलक्या आवाजात, "क्लेम."

क्लेम वळली. "काय?"

"काही नाही." नेनेन तिच्याकडे बघत राहिली आणि निघून गेली.

थोड्या वेळाने तिच्या पाठीशी कात्री खाली पडली. क्लेम दचकून वळली. नेनेन दारात उभी होती, कात्री उचलायचं तिच्या मनातही नव्हतं. "हातातून सुटली," ती म्हणाली.

इर्माने सांगितलेलं दिसतंय. आपण ऐकू आलं नाही म्हणालो, आणि ही आता आपलं खोटं पकडायला बसलीय. प्रत्येक वेळी आपण वळतो आणि प्रत्येक वेळी हिला कळतं की आपल्याला सगळं ऐकू येतं. चोराच्या मनात जे येतं ते सगळं क्लेमच्या मनात आलं, आणि चोर करतो तेच तिने केलं.

दुपारी ती अंगणात दोरीवर झगे वाळत घालत होती. मागून हाक आली, "क्लेम." ती वळली नाही. चिमटा लावला, दुसरा झगा उचलला. "क्लेम," जरा मोठ्याने. तिने झगा झटकला. "क्लेमांस," तिसऱ्यांदा, आणि या वेळी आवाजात काही तरी कापल्यासारखं होतं. क्लेमने गुणगुणायला सुरुवात केली, जणू अंगणात ती एकटीच आहे. थोड्या वेळाने पावलं परत आत गेली. आपण जिंकलो, असं क्लेमला वाटलं. त्या क्षणी तिला जे समाधान वाटलं, ते आठवून पुढे ती कितीदा मेल्याहून मेल्यासारखी झाली, त्याला गणती नाही.

गुरुवारी दुपारी पापा लवकर घरी आले. सर्व संतांचा सण आठवड्यावर आलेला, म्हणजे आमच्याकडे थडग्यांना नवा गिलावा नि चुना लावायचे दिवस. पापांना या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी ते आले, आणि एका घमेल्यात प्लास्टर आणि हातात चरबीची डबी घेऊन क्लेमसमोर उभे राहिले.

"बस त्या बाकावर," ते म्हणाले. "केस वर बांध."

"कशाला?"

"कान पाहिजे. आधी चरबी लावतो, मग साचा घेतो. हलू नकोस म्हणजे झालं."

क्लेमला वाटलं तिला समजलं. आमच्याकडे सेंट रॉकच्या चॅपेलमध्ये लोक नवस फेडायला प्लास्टरचे हात, पाय, डोळे नेऊन ठेवतात. पाय बरा झाला की पाय, डोळा बरा झाला की डोळा. तिथली एक खोली अशा अवयवांनी भरून गेली आहे. नेनेनने कानांसाठी नवस बोललेला दिसतोय.

"मग नेनेनच्याच कानाचा घ्या ना," क्लेम म्हणाली. "माझा कशाला?"

"तिच्या कानाचं काय करायचंय? तिचे गेले म्हणते. तिने तुझे सांगितलेत. दोन्ही." पापा तिच्या कानाच्या पाळीला चरबी चोळत होते. "मी तिला म्हटलं, अगं, बरं झाल्यावर नवस फेडायचा असतो. आधी कान ठेवून यायचं म्हणजे सेंट रॉकला उधारी मागायला गेल्यासारखं. ऐकत नाही. उद्या सकाळी फाटकापासून गुडघ्यांवर जाणार आहे म्हणे."

"माझ्या कानांना काय झालंय?"

पापांचा हात थांबला. ते वाकून तिच्या तोंडासमोर आले. "इर्माने सांगितलं ओदीलला," ते म्हणाले, शब्द सुटे सुटे करून. "मंगळवारी तुला तिचा सूर ऐकू आला नाही. काल अंगणातही तीन हाका ऐकू आल्या नाहीत. तुझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, बेटा. आधी मागून मारलेली हाक जाते." त्यांनी हाताची चरबी विजारीला पुसली. "म्हणून तर ओदील बाजूला झाली. नाही तर ती परत जाऊन त्या माणसाशी भांडली असती, तुला माहीत आहे ती. पण म्हणाली, क्लेमची रेकॉर्ड होऊन जाऊ दे. कान आहेत तोवर."

तेव्हा क्लेमच्या लक्षात आलं की पापा कालपासून आपल्याशी ओरडून बोलताहेत. प्रत्येक वाक्य वरच्या पट्टीत, ओठ मोठे उघडून. ते आईशी असेच बोलायचे.

ती उठली. एका कानाला चरबी, केस अर्धे वर बांधलेले, अशीच स्वयंपाकघरात गेली. नेनेन खिडकीशी झग्याला लेस लावत होती. नोएली मागच्या पायरीवर बसून शिकवलेली ओळ घोकत होती.

"नेनेन, मला ऐकू आलं होतं," क्लेम म्हणाली.

नेनेनने मान वर केली. "काय?"

"मला ऐकू आलं होतं."

"तोंड इकडे कर गं. काय म्हणतेस?"

क्लेमला ते ओरडून सांगावं लागलं. "मंगळवारी मला तुझा सूर ऐकू आला होता! मी खोटं बोलले!"

पायरीवरचं घोकणं थांबलं. बाहेर पापांनी घमेलं खाली ठेवल्याचा आवाज झाला. शेजारच्या घरात कुणी असेल तर त्यालाही ते ऐकू गेलं असेल.

नेनेन तिच्याकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा उजळत गेला. क्लेमने रागाची तयारी ठेवली होती, रडण्याचीही ठेवली होती. ही तयारी तिने ठेवली नव्हती.

"आलं होतं?" नेनेन म्हणाली. "खरंच? आणि काल अंगणात?"

"तेही आलं. तीनदा हाक मारलीस."

"तिन्ही ऐकल्यास?"

"तिन्ही."

"कात्रीसुद्धा, नाही का? कात्रीला तर तू दचकली होतीस. तेव्हाच मी इर्माला म्हटलं, अजून थोडं येतंय." नेनेनने छातीवर क्रूसाची खूण केली. ती हसत होती आणि झग्याच्या बाहीने डोळे पुसत होती. "अगं बाई. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. तुझे कान चांगले आहेत. पापांना सांग, राहू दे ते प्लास्टर. थडग्याला लावा म्हणावं."

मग तिचं हसू हळूहळू कमी झालं. मनात एकेक गोष्ट आपापल्या जागी बसत होती, आणि ती बसताना क्लेमला चेहऱ्यावर दिसत होती. लेस मांडीवरून घसरून खाली पडली.

"म्हणजे मी उतरले ते तुला कळलं."

"हो."

"तेव्हाच?"

"तू उतरायच्या आधीच."

"मग वर का राहिलीस?"

क्लेमने पंधरा कारणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तोंडात येईना. आणि जे खरं होतं ते इतकं लहान होतं, की ते त्या स्वयंपाकघरात मोठ्याने बोलायचं म्हणजे उघड्याने उभं राहिल्यासारखं होतं. तरी तिला ते मोठ्यानेच बोलावं लागलं, नाही तर नेनेनला ऐकू आलं नसतं.

"त्या माणसाने कागदावर तुम्हा दोघींचं लिहिलं. माझं काहीच लिहिलं नाही. मला वाटलं, त्याला कळावं. खरा सूर मला माहीत आहे, हे कुणाला तरी एकदा कळावं."

नेनेनने वाकून लेस उचलली, सुई शोधली, दोरा दाताने तोडला.

"रविवारी सांगितलं होतं मी त्याला," ती म्हणाली. "तो विचारत होता, हा उतार कुणाची अक्कल. मी म्हटलं, कान सगळे क्लेमचे. आम्ही दोघी तिच्या मागनं जातो. म्हणून तर मंगळवारी या म्हणाला."

क्लेमला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. "मी उद्या जात नाही," ती म्हणाली. "मी जाऊन त्याला सांगते."

"काय सांगशील? सूर पडला तो माझाच पडला. त्यात खोटं काय आहे?" नेनेनने सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात ओवला. "जाशील. त्या पोरीला दोन दिवस शिकवलंय मी. तिचा काय दोष?"

"नेनेन..."

"पुरे आता. दहा वाजता उभं राहायचंय आणि तिला मधला तुकडा अजून येत नाही. बोलाव तिला आत."

नेनेन खिडकीकडे तोंड करून परत शिवायला बसली. क्लेम मागच्या दाराशी गेली. नोएली पायरीवर मान खाली घालून बसली होती, हात मांडीत घट्ट धरलेले. तिने सगळं ऐकलं होतं आणि कुठे बघावं ते तिला कळत नव्हतं. क्लेमने तिला हाक मारायला तोंड उघडलं, पण गळ्यातून आवाजच निघेना. ती चौकटीला धरून तशीच उभी राहिली.

"मारलीस का हाक?" नेनेनने पाठमोरीच विचारलं.